ट्रस्क मास्तरांचं ‘नाही’

एलिम कॉलेजात नापास होणं सोपं होतं. नापास राहणं मात्र जवळजवळ अशक्य होतं, आणि ही सोय प्रत्यक्ष देवानं करून ठेवली आहे अशी आमच्या लोकांची श्रद्धा होती.

व्यवस्था अशी होती. आयोवातल्या शेतांवरून पोरं यायची. मका आणि डुकरं यांपलीकडचा हिशेब त्यांतल्या पुष्कळांना कधी करावा लागलेला नसायचा. प्रवेशाच्या वेळी जो बीजगणितात आपटेल त्याला ‘अट’ लागायची. म्हणजे वर्गात बस, फी भर, भजनं म्हण, पण पदवी हवी असेल तर आधी बीजगणित पास हो. मग फेब्रुवारीत उज्जीवन सभा यायच्या. बाहेर गुडघाभर बर्फ, आत चॅपेलमधल्या शेगड्या लालबुंद, आणि बाहेरगावाहून बोलावलेला सुवार्तिक घसा फोडून नरकाचं वर्णन करतोय. पोरं हुंदके देत उठायची, वेदीपाशी जाऊन गुडघे टेकायची, पापं कबूल करायची. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांची सभा भरे. ज्याला देवानं क्षमा केली त्याला आपण बीजगणितासाठी अडवायचं म्हणजे देवापेक्षा शहाणं होणं, असा ठराव मांडला जाई, आणि वेदीपाशी गेलेल्या एकूण एक पोरांची अट सुटे. जानेवारीत बीजगणिताचा पेपर झाला की फेब्रुवारीत आमच्याकडे पश्चात्तापाला नुसतं उधाण यायचं. आसपासच्या गावांतले पाद्री आमच्यावर जळायचे.

हा ठराव दरवर्षी एक मत विरुद्ध जाऊन मंजूर होई. ते एक मत प्रोफेसर ओबेड ट्रस्क यांचं. ते बीजगणित शिकवायचे.

हे सगळं मला ठाऊक, कारण प्राध्यापकांची सभा माझ्याच जेवणघरात भरायची. मी डॉर्कस प्रूइट. कॉलेजच्या फाटकासमोर माझी खाणावळ आहे. नवरा गेल्यावर घर मोठं आणि माणूस एक, म्हणून खोल्या भाड्यानं दिल्या आणि टेबल लांब केलं. कॉलेजचा कोळसा वाचावा म्हणून मंडळी जेवण झाल्यावर तिथंच बसून सभा उरकत. मी बशा आवरता आवरता ऐकायची. संस्कृती, चारित्र्य, आत्म्याची उन्नती, हे सगळे मोठमोठे शब्द मी शिजवलेल्या आलुबुखारांच्या वाडग्यांवरून ऐकले आहेत. ती मंडळी जाताना ज्ञान सगळं घेऊन जायची, बिया तेवढ्या टेबलावर ठेवून.

ट्रस्क माझे सगळ्यांत जुने भाडेकरू. उंच, जरा वाकलेले, कोटाच्या उजव्या बाहीला कायम खडूची पूड. पगाराचा बराच भाग कॉलेज त्यांना बटाट्यांत द्यायचं. ते बटाटे ते मला भाड्यात द्यायचे. मी ते उकडून प्राध्यापकांना वाढायची, म्हणजे कॉलेजचे बटाटे फिरून कॉलेजच्याच पोटात. माणूस कडक होता असं नाही. एखाद्या पोराला समीकरण येईना तर व्हरांड्यात बसून, जेवण गार होईपर्यंत शिकवत राहायचे, आणि एकदाही आवाज चढवायचे नाहीत. पण उत्तर चुकलं की ते चुकलं. तिथं त्यांच्याकडे दयामाया नव्हती. मी एकदा कौतुकानं म्हणाले होते, “माझा पाव सगळ्यांना आवडतो.” तर हे विचारतात, “सगळ्यांना विचारलंत?” दोन दिवस मी त्यांना शिळा पाव वाढला. त्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

सभेतही तसंच. अध्यक्ष विचारत, “अनुकूल?” सगळे गंभीरपणे “होय” म्हणत. “प्रतिकूल?” ट्रस्क म्हणत, “नाही.” पुढं काही नाही. एका वर्षी ग्रीक शिकवणारे बंधू व्हिटकोम यांना राहवलं नाही. भला, गोड माणूस. त्यांच्या विषयात कोणी नापास होत नसे, कारण पेपर वाचताना त्यांना पोरांची आई आठवायची.

“अहो बंधू ट्रस्क,” ते म्हणाले, “देवानं त्या लेकराची सगळी पापं धुऊन काढली, आणि तुम्ही एक वर्गसमीकरण धरून बसलात?”

“पाप त्यानं देवाविरुद्ध केलं होतं. देवानं माफ केलं, चांगलं झालं,” ट्रस्क म्हणाले. “वर्गसमीकरण त्यानं माझ्याविरुद्ध काही केलेलं नाही. त्याला ते येत नाही, एवढंच. यात मी माफ काय करू?”

व्हिटकोमनी उत्तरादाखल आणखी एक आलुबुखार घेतलं.

आता आमच्या अध्यक्षांविषयी. रेव्हरंड डॉक्टर ल्युशियस पेनफील्ड. दाट पांढरे केस आणि आवाज असा की “मीठ द्या” म्हटलं तरी आशीर्वाद दिल्यासारखं वाटावं. ते एलिमचेच माजी विद्यार्थी. त्यांनाही बीजगणिताची अट लागली होती, आणि तीही फेब्रुवारीतच सुटली होती. मी तेव्हा वेण्या घालून तिसऱ्या बाकावर बसले होते. तरुण ल्युशियस वेदीपाशी असा ढसाढसा रडला की माझी आईसुद्धा रडायला लागली. ते रडणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पेपर आदल्याच आठवड्यात झाला होता, एवढंच सांगते. सगळं गाव त्यांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतं. ट्रस्क तेवढे ‘ल्युशियस’ म्हणत आणि ‘अरे-तुरे’ करत.

डॉक्टर होण्याचीही एक गंमत आहे. आमच्या संस्थापकांनी नियम करून ठेवलाय: मानद पदवी द्यायची तर प्राध्यापकांचं एकमत पाहिजे. प्रत्येकाला विचारायचं, आणि एकानंही ‘नाही’ म्हटलं की विषय संपला. नापासाला पास करायला बहुमत पुरे, पण माणसाला फुकट डॉक्टर करायला एकमत. संस्थापक देवभोळे असले तरी एकमेकांना ओळखून होते. पेनफील्ड अध्यक्ष झाले, त्यांना डॉक्टर करायचं ठरलं, सगळे ‘होय’ म्हणाले आणि ट्रस्क ‘नाही’ म्हणाले. मग पेनफील्डना पदवी शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजनं दिली. बदल्यात आपण काय दिलं ते मला माहीत नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या चॅपेलचा ऑर्गन त्या कॉलेजात गेला, एवढं खरं.

असं आमचं बरं चाललं होतं. मग तिकडे पूर्वेला एका गडगंज माणसाला म्हाताऱ्या प्राध्यापकांची दया आली. त्यानं एक मंडळ काढलं. जे कॉलेज खरोखरीचं कॉलेज ठरेल, तिथल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना मरेपर्यंत पेन्शन. खरोखरीचं कॉलेज कशाला म्हणायचं याची एक पुस्तिका निघाली. देशभरातल्या कॉलेजांना आपण कॉलेज आहोत की नाही ही शंका पहिल्यांदाच आली.

ट्रस्कना ती पेन्शन हवी होती. लोक त्यांना दगड समजतात म्हणून हे मुद्दाम सांगते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. फळ्यावरच्या ओळी हल्ली तिरक्या जायच्या, आणि मागच्या बाकावरची पोरं खुशाल पत्ते खेळायची. शिल्लक म्हणावी तर तळघरात बटाटे. एका संध्याकाळी व्हरांड्यात बसले असताना ते आपण होऊन म्हणाले, “मिसेस प्रूइट, ती पेन्शन मिळाली तर मी शिकवणं थांबवेन. डोळे पुरते जायच्या आत थोडं आकाश बघायचंय. आयुष्यभर ग्रहताऱ्यांचे हिशेब फळ्यावरच मांडत आलो.” इतकी वर्षं एका छपराखाली राहून त्यांनी स्वतःसाठी काही हवंय असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. मी त्या क्षणी ठरवून टाकलं की ही पेन्शन मिळालीच पाहिजे.

पेनफील्डनी पुस्तिका वाचली आणि सभा बोलावली.

“बंधूंनो,” ते म्हणाले, “आपल्याला दर्जा हवा आहे. आणि तो मंडळाचा तपासनीस यायच्या आत हवा आहे.”

“दर्जा म्हणजे नेमकं काय करायचं?” व्हिटकोमनी विचारलं.

“पोरं नापास करायची. आणि नापासच ठेवायची. या पुस्तिकेचं म्हणणं असं, की जिथं कोणीच नापास होत नाही ते कॉलेजच नव्हे. तेव्हा यंदाच्या फेब्रुवारीत एकाचीही अट सुटणार नाही. अनुकूल?”

सगळे चाचरत “होय” म्हणाले. त्यांत एक “होय” ट्रस्क यांचं होतं. व्हिटकोमच्या हातातला चमचा खाली पडला.

ही बातमी पोरांत पसरायला वेळ लागला नाही. फेब्रुवारीत इंडियानाहून बंधू गिडियन स्लोकम आले, मोठे नावाजलेले सुवार्तिक. पहिल्या संध्याकाळी त्यांनी नरक असा पेटवला की शेगडीत कोळसा घालायची गरज पडली नाही. मग हात पसरून म्हणाले, “या! उठा! पुढे या!” कोणी उठेना. फक्त चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनची म्हातारी बायको गेली, ती दरवर्षी जाते. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळी तेच. पोरं भजनांच्या पुस्तकात बीजगणिताची पुस्तकं लपवून वाचत बसली होती. आठवडाभर घसा फोडून बंधू स्लोकम यांच्या हाती एकही नवा आत्मा लागला नाही. माझ्याकडे जेवायला बसले तेव्हा बिचाऱ्यांना आवाजही राहिला नव्हता. घोगऱ्या आवाजात म्हणाले, “भगिनी प्रूइट, एलिममधून देव निघून गेला.”

“देव आहे हो,” मी म्हटलं, “पोरांना त्याच्याकडे पाठवणारं कोणी राहिलं नाही.”

स्लोकमनी बिशपच्या कानावर घातलं. बिशपनी पेनफील्डना बोलावून विचारलं, की एलिम हे पंथाचं कॉलेज आहे की तुरुंग आहे? आत्मे तरणार नसतील तर पंथानं वर्गणी का द्यावी? आता इकडे आड आणि तिकडे विहीर. पंथाला तरलेले हवेत, मंडळाला नापास हवेत, आणि पोरं तर तीच.

पेनफील्डसाहेबांचं डोकं बीजगणितात चाललं नसेल, पण इथं चाललं. त्यांनी उज्जीवन सभेचा एक जादा दिवस जाहीर केला आणि अटी सुटतील अशी कुजबुज बरोब्बर पोरांच्या कानी जाऊ दिली. त्या संध्याकाळी वेदीपाशी गुडघे टेकायला जागा उरली नाही. बिशप खूश. ठराव मंजूर, एक मत विरुद्ध. उरला तपासनीस. त्याला दाखवायला एक तरी नापास हवा होता.

आणि वेदीपाशी न गेलेला एक विद्यार्थी एलिममध्ये होता. ओले हाउगेन. उत्तरेकडचा नॉर्वेजियन शेतमजूर, तिशीला आलेला, दरवाजातून आत येताना खांदे तिरके करावे लागणारा. त्याला शाळामास्तर व्हायचं होतं. माझी लाकडं फोडायचा आणि स्वयंपाकघरात जेवायचा. बीजगणितात दर जानेवारीला नापास व्हायचा आणि दर फेब्रुवारीला जागेवर बसून राहायचा. मी एकदा विचारलं होतं, “अरे, जाऊन ये ना पुढं, सगळे जातात.” तर म्हणाला, “आम्ही लुथरन, मिसेस प्रूइट. माझा बाप्तिस्मा झालाय. एकदा तरलो ते तरलो. पुन्हा तरायला गेलो तर आई काय म्हणेल?” एलिमच्या इतिहासात खरोखर नापास राहिलेला हा एकटाच. व्हरांड्यातली ट्रस्कांची शिकवणी मुख्यतः त्याच्यासाठीच चालायची.

एका दुपारी मी बटाटे सोलत होते आणि ट्रस्क शेगडीपाशी बसले होते, तेव्हा पेनफील्ड मागच्या दारानं आले. अध्यक्ष मागच्या दारानं येतात तेव्हा काम पुढच्या दाराचं नसतं.

“प्रोफेसर, ओले हाउगेनला यंदाही नापास ठेवू या,” ते म्हणाले. “तपासनिसापुढं एक उदाहरण म्हणून. तो विश्वस्तांपैकी कोणाचा कोणी लागत नाही. आणि त्याला सवय आहे.”

“होती,” ट्रस्क म्हणाले. “तो पास झालाय.”

“पास? हाउगेन?”

“जानेवारीत.”

पेनफील्ड खुर्चीवर बसले. “बरं वर्ष सापडलं त्याला!” मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे पाहा, पुढच्या वर्षी पास करा ना. नॉर्वेजियन माणूस आहे, त्यांना एका वर्षाचं काय वाटतंय! मी माझ्यासाठी मागत नाहीये हो. तुमचीच पेन्शन आहे यात. तुमचे डोळे मला दिसत नाहीत का?”

हे ते मनापासून बोलत होते. पेनफील्ड वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला रागवायला सोपं गेलं असतं.

“ल्युशियस, त्याला येतंय.”

“पण—”

“नाही,” ट्रस्क म्हणाले.

पेनफील्ड गेल्यावर मी सुरी आपटली. “काय बिघडणार होतं हो? तो तिशीचा धट्टाकट्टा गडी, वर्षभर आणखी लाकडं फोडली असती त्यानं. तुम्ही वर्षभरात आंधळे व्हाल!”

“होईन,” ते म्हणाले. “पण त्याचं उत्तर तरीही बरोबरच राहील.”

असल्या माणसापुढं डोकं आपटण्यात अर्थ नसतो. मी बटाट्यावर आपटलं, म्हणजे उरलेले सगळे जाडजाड सोलले.

तपासनीस मार्चमध्ये आला. मिस्टर हॉलिस क्रेन. तरुण, बारीक, सोनेरी काडीचा चष्मा, चेहऱ्यावर हसण्याची खूण नाही. कॉलेजात शाळकरी पोरं दिसू नयेत म्हणून त्या दिवशी पेनफील्डनी पूर्वतयारीच्या वर्गातली सगळी लहान पोरं नदीकाठी वनभोजनाला पाठवली होती. नदी गोठलेली होती. संध्याकाळी जेवण माझ्याकडे. मी कोंबडी आणि वाफवलेले कणकेचे गोळे केले होते, केक केला होता, आणि त्या दिवसापुरते आलुबुखार दडवून ठेवले होते.

“डॉक्टर पेनफील्ड,” क्रेन म्हणाला, “मला इमारती दाखवल्यात, ग्रंथालय दाखवलंत. नापास कुठं आहेत?”

पेनफील्डनी माझ्याकडे पाहिलं. “मिसेस प्रूइट, जरा ओलेला बोलावता?”

ट्रस्कनी ‘नाही’ म्हटल्यावरही ते ओलेलाच दाखवायला निघाले होते. वेळेवर कोण तोंड उघडतंय, असा त्यांचा हिशेब असावा. ओले स्वयंपाकघरातून आला, हातात टोपी, ओठाला रस्सा लागलेला. जत्रेत बक्षिसाचा बैल दाखवतात तसे पेनफील्ड उभे राहून हात पसरून म्हणाले, “हा पाहा! हाउगेन. बीजगणितात वर्षानुवर्षं नापास. आम्ही हलू दिला नाही!”

क्रेननं वही काढली. ओलेच्या कपाळावर आठी पडली. तो सावकाश विचार करणारा माणूस. त्यानं पेनफील्डना सोडून ट्रस्ककडे पाहिलं.

“पण मी पास झालो ना, प्रोफेसर?”

मी रस्सा वाढायचा डाव हातात धरून मनातल्या मनात म्हणत होते, गप्प राहा, ओबेड ट्रस्क, आयुष्यात एकदा गप्प राहा.

“झालास,” ट्रस्क म्हणाले. “चांगला झालास. जा, जेवण संपव.”

ओले हसला, मान लववली आणि गेला. क्रेननं लिहिलेलं खोडलं.

“म्हणजे एलिममध्ये नापास कोणीच नाही?”

“भरपूर आहेत,” ट्रस्क म्हणाले. “दर फेब्रुवारीत देवाच्या नावानं सोडून देतात. काही आता विश्वस्त आहेत. एक नगराध्यक्ष आहे. आणि एक तुमच्या शेजारी बसून दुसऱ्यांदा कोंबडी घेतोय.”

पेनफील्डच्या हातातला तुकडा बशीत पडला. व्हिटकोमनी डोळे मिटले. प्रार्थना करत असावेत. मला वाटलं, संपलं. पेन्शन गेली, दर्जा गेला, माझा केकसुद्धा फुकट गेला.

क्रेननं चष्मा काढून पुसला. “अध्यक्षांना आपण नापास केलं होतं?”

“त्यांना घातांक कळत नव्हते.”

“आणि आता?”

“विचारून पाहा.”

क्रेननं विचारलं नाही. त्यानं बराच वेळ लिहिलं. मग म्हणाला, “आपण स्वतः कुठले पदवीधर, प्रोफेसर?”

“कुठलाच नाही. ओहायोत शिकत होतो. यादवी युद्ध सुरू झालं, वर्गातून उठून गेलो. परत आलो तेव्हा इकडे मास्तर हवा होता. ग्रीक राहिलं ते राहिलंच.”

क्रेननं तेही लिहिलं.

एप्रिलमध्ये मंडळाचा निर्णय आला, आणि पेनफील्ड पुढच्या दारानं, टोपी हवेत फिरवत आले. एलिम खरोखरीचं कॉलेज ठरलं होतं! तपासनिसाचं म्हणणं असं, की ज्या कॉलेजात अध्यक्षाला नापास करणारा आणि ते त्याच्या तोंडावर सांगणारा प्राध्यापक नोकरीत टिकतो, तिथं दर्जा असलाच पाहिजे. असं उदाहरण त्याला सबंध दौऱ्यात दुसरं आढळलं नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला. व्हिटकोमना पेन्शन. आमच्या वक्तृत्व शिकवणाऱ्या बाईंना पेन्शन. खुद्द पेनफील्डना पुढं पेन्शन. फक्त एक किरकोळ शर्त होती: दर्जा राखायचा म्हणून यापुढं पदवी नसलेल्या माणसाला एलिममध्ये प्राध्यापक म्हणून ठेवता येणार नाही, आणि अर्थातच पेन्शनही देता येणार नाही.

सगळ्या एलिममध्ये असा माणूस एकच होता.

मी पेनफील्डना न्याय देईन. तो कागद वाचून होईपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी सभा बोलावली. प्रोफेसर ओबेड ट्रस्क यांना एलिम कॉलेजतर्फे मानद पदवी द्यावी. पदवी ती पदवी, मंडळ मानद आहे की कमावलेली ते विचारत नव्हतं. पेनफील्ड बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांचा तो मोठा आवाज खरोखरच फाटला. “ज्या माणसामुळे आपल्या म्हातारपणाची सोय झाली,” ते म्हणाले, “त्याला आपण उघड्यावर सोडायचं का?” वक्तृत्वाच्या बाई रडत होत्या. व्हिटकोम रडत होते. मी दाराच्या चौकटीत उभी होते, ॲप्रनचं टोक तोंडात धरून.

“अनुकूल?”

“होय!” एवढ्या जोरात ‘होय’ माझ्या जेवणघरात कधी झालं नव्हतं. मीही म्हटलं, मला मत नसताना.

नियमाप्रमाणे एकेकाला विचारायलाच हवं होतं. पेनफील्डच्या एकदम ते लक्षात आलं असावं. ते घाईघाईनं म्हणाले, “प्रोफेसर, आपलाच विषय आहे, तेव्हा आपण जरा व्हरांड्यात उभे राहता का? रीत म्हणून.”

“राहतो,” ट्रस्क उठले. खुर्चीची पाठ चाचपून धरली. “पण माझं मत देऊन जातो.”

“देऊ नका,” व्हिटकोम म्हणाले. “ओबेड, मी पाया पडतो, देऊ नकोस.”

“मला ग्रीक येत नाही,” ट्रस्क म्हणाले. “नाही.”

आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आत कोणालाच कोणाकडे बघवेना.

त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मूर्ख म्हटलं, गर्विष्ठ म्हटलं, तुमचा हा खरेपणा मला उकडून वाढता येत नाही म्हटलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “त्या सगळ्या पोरांना मी नाही म्हटलं, मिसेस प्रूइट. मग आता कोणत्या तोंडानं होय म्हणू?” मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्यांच्यासमोर रडले असते तर त्यांनी कारण सिद्ध करायला लावलं असतं.

सप्टेंबरात त्यांच्या जागी शिकागोहून एक तरुण डॉक्टर आला. खरा डॉक्टर, कमावलेला. तो फळ्याकडे तोंड करून बोलतो आणि त्याला पोरांची नावं माहीत नाहीत. फाटकावर नवी पाटी लागली, तिच्यावर दर्जाविषयी लॅटिनमध्ये काहीतरी आहे. आणि मंडळाच्या यादीत नाव पक्कं झाल्यावर दर फेब्रुवारीची जुनी सोयही परत सुरू झाली. फरक इतकाच की आता तो ठराव एकमतानं मंजूर होतो.

ट्रस्क वरच्या खोलीतच राहिले. भाड्याचं मी काढू दिलं नाही. लाकडं ओले आणतो. आणि त्याच सप्टेंबरात ओबेड ट्रस्क कॉलेजात नाव घालून विद्यार्थी झाले. ग्रीक राहिलं होतं ना! आपल्याच जुन्या इमारतीत, मागच्या बाकावर, ओलेच्या शेजारी. अक्षरं दिसत नाहीत, म्हणून ओले हळू आवाजात वाचतो आणि ते पाठ करतात. जानेवारीचा पेपर ते बोलले आणि ओलेनं उतरवला. व्हिटकोम तो घेऊन माझ्या दारात आले तेव्हा त्यांचा चष्मा ओला होता. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कोणाला तरी नापास केलं होतं. ट्रस्कनी शपथ घालून ठेवली होती म्हणून.

त्या फेब्रुवारीत बंधू स्लोकम पुन्हा आले. चॅपेल गच्च भरलेलं. “या! उठा! पुढे या!” म्हटल्याबरोबर बाकंच्या बाकं रिकामी झाली. मागं दोघंच बसून राहिले, एक लुथरन आणि एक ट्रस्क. मी त्यांच्या मागच्या बाकावर होते. पेनफील्ड व्यासपीठावरून उतरून मधल्या वाटेनं आले आणि ट्रस्कपाशी वाकले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“प्रोफेसर,” ते अगदी हळू म्हणाले, “नुसती चार पावलं पुढं या. गुडघे टेकू नका, तुमचे गुडघे दुखतात. काही कबूल करू नका. उद्या ग्रीकची अट सुटेल, जूनमध्ये पदवी, मग पेन्शन. कोणाचं काही जात नाही हो यात.”

ट्रस्क उठले. चॅपेलमधलं रडणंसुद्धा थांबलं. स्लोकमनी दोन्ही हात पुढं केले. मी म्हटलं, देवा, जाऊ दे यांना पुढं, मी तुला जन्मात काही मागितलेलं नाही.

त्यांनी चाचपून कोट उचलला.

“उद्या सकाळी ग्रीकचा तास आहे, ल्युशियस,” ते म्हणाले. “क्रियापदं राहिलीत.”

आणि दाराकडे वळले. ओले त्यांच्याबरोबर उठला. मी कंदील घेतला आणि शिव्या देत त्यांच्या मागून निघाले, कारण चॅपेलच्या पायऱ्यांवर बर्फ होता आणि त्यांना आता पायऱ्या दिसत नाहीत.